ग्लाझुनोव्हचं सॅक्सोफोन क्वार्टेट बसवताना

चार सॅक्सोफोनवाले पहिल्यांदा एकत्र आले की पहिलं पान उघडतात आणि एक-दोन-तीन म्हणून सुटतात. आम्हीही तेच केलं. पहिला भाग अडीच महिने वाजवत होतो. बोटं बसली, वेग आला, आणि तरी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं की चार माणसं एकाच खोलीत आपापला रियाज करतायत असं वाटायचं. शेवटी एके दिवशी आमची अल्टो वाजवणारी वैतागून म्हणाली, "हे राहू दे, मधला भाग काढू या. निदान तो हळू तरी आहे." तिथून गाडी रुळावर आली.

म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे. आधी मधला भाग, मग पहिला, मग शेवटचा. मी बॅरिटोन वाजवतो, त्यामुळे बरंच काही खालून वर बघितल्यासारखं येईल, ते सांभाळून घ्या. स्टाफ नोटेशन सहज वाचता येतं, सगळ्या बाराही स्केल हाताखाली आहेत आणि एका दमात आठ-दहा सेकंद सूर स्थिर धरता येतो, एवढं चौघांनाही जमत असेल तर पुढे वाचा. आठवड्यातून एकदा तीन तास भेटलात तर चार-पाच महिने धरून चाला.

कृती कोणती, कुणाची

अलेक्सांद्र ग्लाझुनोव्ह, जन्म १८६५, सेंट पीटर्सबर्ग. रिम्स्की-कोर्साकोव्हचा शिष्य, आणि १९०५ पासून तिथल्या कॉन्झर्वेटरीचा संचालक. शोस्ताकोविच शिकला तो याच्याच कारकिर्दीत. १९२८ मध्ये शूबर्टच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्तानं व्हिएन्नाला गेला आणि पुन्हा रशियात परतला नाही. पुढे पॅरिसला स्थायिक झाला आणि १९३६ मध्ये पॅरिसलगतच्या न्यूयी-स्युर-सेनमध्ये वारला.

पॅरिसमध्ये गार्द रेप्युब्लिकेन या लष्करी दलाचा वाद्यवृंद होता आणि त्यातल्या सॅक्सोफोनवाल्यांना घेऊन मार्सेल म्यूलनं १९२८ मध्ये क्वार्टेट उभं केलं होतं: सोप्रानो, अल्टो, टेनर, बॅरिटोन. ग्लाझुनोव्हनं १९३२ मध्ये त्यांच्यासाठी ही कृती लिहिली. त्याआधी सॅक्सोफोन क्वार्टेटसाठी काहीच नव्हतं असं नाही. खुद्द अडॉल्फ सॅक्सचा मित्र सिंजली यानं १८५७ मध्येच एक लिहून ठेवलं होतं. पण सिंफनी, बॅले, कॉन्चेर्तो असं सगळं करून बसलेल्या पासष्टी ओलांडलेल्या माणसानं या चार नळ्यांसाठी पंचवीसेक मिनिटांची गंभीर रचना लिहावी, ही त्या वाद्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती.

भाग तीन. पहिला 'पार्ती', दुसरा 'कॅन्झोना व्हारिये' म्हणजे एक थीम आणि तिची पाच व्हेरिएशन्स, तिसरा 'फिनाले'. मूळ सूर बी फ्लॅट मेजर, म्हणजे आपली काळी पाच.

ग्लाझुनोव्हनं आपला शिष्य माक्सिमिलियन स्टाइनबर्ग याला पत्रातून ही रचना थोडक्यात समजावली आहे, आणि बसवणाऱ्याला त्याइतकी कामाची दुसरी टीप नाही. पहिल्या भागाच्या लयीत त्याला अमेरिकन ढंग वाटत होता. दुसऱ्या भागाची थीम निव्वळ हार्मनीवर उभी आहे, पहिली दोन व्हेरिएशन्स जुन्या, शिस्तीच्या शैलीतली, मग ट्रिल (दोन शेजारचे सूर झपाझप आलटून-पालटून) घेतलेलं शूमानच्या पद्धतीचं, मग शोपँच्या पद्धतीचं, मग स्केर्त्सो, म्हणजे चपळ, खट्याळ चालीचं. फिनाले खेळकर. आणि शेवटी एक काळजी: एवढ्या लांबीनं वाजवणारे थकतील का? एका वादकाशी बोलल्यावर म्हणे त्याचा जीव भांड्यात पडला. तो वादक आमच्या ओळखीचा असता तर आम्ही त्याला जाब विचारला असता.

नोटेशन मागवताना

इथे माझी फजिती आधी सांगतो. मी ऑर्डर देताना 'ग्लाझुनोव्ह, सॅक्सोफोन, ओपस १०९' एवढंच लिहिलं. तीन आठवड्यांनी पाकीट आलं, उघडलं तर अल्टो आणि पियानोचे पार्ट. चूक दुकानाची नव्हती. अल्टो सॅक्सोफोनसाठीचं त्याचं ई फ्लॅट मेजरमधलं कॉन्चेर्तो १९३४ चं, आणि त्यालाही ओपस १०९ हाच क्रमांक लागतो. तेव्हा 'क्वार्टेट' हा शब्द आणि 'बी फ्लॅट' ही पट्टी, दोन्ही लिहा. प्रकाशक बेलाएफ.

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची कृती मुक्त होते, त्यामुळे मूळ रचना इथे वाजवायला आणि उतरवून घ्यायला मोकळी आहे. तरीही एक छापील संच घ्याच. पान उलटायच्या जागा सोयीच्या नसतील तर फोटोकॉपी चिकटवून तीन पानांचा पट्टा करा. आणि पार्टसोबत पूर्ण स्कोअर, म्हणजे चारही पार्ट एकाखाली एक छापलेला, चौघांकडेही हवा. आपलाच पार्ट बघून हे क्वार्टेट वाजत नाही.

चौघांची एक भाषा

सॅक्सोफोनच्या घरात कुणीच खरं बोलत नाही. सोप्रानो आणि टेनर बी फ्लॅटमधले, अल्टो आणि बॅरिटोन ई फ्लॅटमधले. पियानोवरचा बी फ्लॅट हवा असेल तर सोप्रानो-टेनरच्या पानावर सी लिहिलेला असतो, अल्टो-बॅरिटोनच्या पानावर जी. म्हणजे एकाच तुकड्यात दोघं सी मेजरमध्ये आणि दोघं जी मेजरमध्ये. आता कुणी म्हणालं की "माझा ई जरा चढा लागतोय", तर बाकीच्यांनी काय समजायचं?

पहिल्याच बैठकीत ठरवून टाका: बोलायचं ते पियानोच्या सुरात, किंवा त्याहून सोपं म्हणजे सरगममध्ये. जो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, चालू आहे त्याचा पाया सा, बाकीचे त्याच्या हिशेबानं. "तुझ्याकडे प आहे, माझ्याकडे सा, ग कुणाकडे?" हे चौघांनाही कळतं, पट्टी कुठलीही असो. आमच्याकडे या एका सवयीनं तालमीचा निम्मा वेळ वाचला.

रीड, पॅड आणि पावसाळा

वाद्याबद्दल फार लांबण लावत नाही. चौघांचे माउथपीस एका जातकुळीचे हवेत: क्लासिकल, लहान टिप ओपनिंगचे, म्हणजे टोकाशी कमी उघडे. एकानं जरी जॅझचा उघडा, धारदार माउथपीस लावला तरी तो एकटाच भिंतीला टेकून बोलल्यासारखा वेगळा ऐकू येतो. लग्नाच्या बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मित्राला टेनरसाठी ओढून आणणार असाल तर हा मुद्दा पहिल्याच दिवशी, प्रेमानं, काढा.

रीड (माउथपीसवरच्या वेताच्या पट्ट्या) मात्र जीव खातात. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात वेताचं रीड पेटीत ठेवलं तर आठ दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके दिसतात. एप्रिलमध्ये पुण्या-नाशिकला तेच रीड टोकाला लाटेसारखं वाकतं. उपाय एकच, चार रीड फिरवत ठेवा. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलनं एक ते चार आकडा घाला, रोज वेगळं वापरा, वाजवून झालं की पुसून सपाट काचेवर किंवा रीड केसमध्ये ठेवा. कार्यक्रमाचं रीड त्या दिवशी पाकिटातून काढलेलं नसावं, तसंच महिनाभर घासलेलंही नसावं. बॅरिटोनसाठी मी आता पावसाळाभर कृत्रिम रीड लावतो. सूर थोडा कोरडा येतो, पण सकाळी जसं होतं तसंच संध्याकाळी असतं.

दमट हवेत जी शार्पचं पॅड, म्हणजे भोक झाकणारी गादी, चिकटतं, आणि ते नेमकं कार्यक्रमातच. कोरी करकरीत नोट पॅडखाली घालायची, बटण हलकं दाबून नोट ओढायची, दोन-तीनदा. दहाची असो की पाचशेची, पॅडला फरक पडत नाही.

कॅन्झोनापासून सुरुवात

आता मुख्य काम. दुसऱ्या भागाची थीम म्हणजे चार आवाजांनी मिळून म्हटलेलं एखादं स्तोत्र. बोटांना काहीच काम नाही. म्हणूनच ती अवघड आहे, लपायला जागाच नाही.

पहिल्या दिवशी वाद्यं पेटीतच राहू द्या आणि थीम गा. "आ"कारात, आपापल्या पट्टीच्या सोयीनं सप्तक बदलून. लाज वाटेल, वाटू द्या. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चच्या कॉयरमध्ये चार आवाजांत गायलेलं कुणी तुमच्यात असेल तर त्याला पुढे करा, त्याला हे पाठच असतं. गाताना दोन गोष्टी कळतात: वाक्य कुठे संपतं, आणि आपल्याकडे आलेला सूर कॉर्डमध्ये कोण आहे.

या दुसऱ्या गोष्टीत सगळं आलं, म्हणून इथे जरा थांबतो.

नीट जुळलेला तानपुरा छेडला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी तो लावलेला नसतो. हा स्वयंभू गंधार हार्मोनियमच्या शुद्ध गंधारापेक्षा उतरा असतो. किती? अर्ध्या स्वराचे १०० भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर सुमारे १४ सेंट. पियानो आणि हार्मोनियमवर सप्तकाचे बारा समान तुकडे केलेले असल्यामुळे तिथला गंधार चढाच राहतो, आपल्या कानांना त्याची सवय झालेली असते इतकंच. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा. कोमल गंधार मात्र उलटा: मायनर कॉर्डमध्ये तो हार्मोनियमपेक्षा सुमारे १६ सेंट चढा लागतो.

सॅक्सोफोन हा फुंकून आणि जबड्यानं हलवता येणारा सूर आहे. म्हणजे आपल्याला तानपुऱ्याचा गंधार लावता येतो, आणि लावलाच पाहिजे. चारही जण ट्यूनरवर हिरवा दिवा लावून बसले तर प्रत्येक जण बरोबर असतो आणि कॉर्ड मात्र खरखरत राहतो.

तर सराव असा. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, सूर काळी पाच, पंचमाचा तानपुरा. बॅरिटोननं सा धरायचा, पानावरचा जी. टेनरनं त्याच्या वरचा सा, पानावरचा सी. दोघांचा एक आवाज होईपर्यंत तिसऱ्यानं वाद्य उचलायचं नाही. एक झाला की बॅरिटोन अचानक मोठा झाल्यासारखा वाटतो, ती खूण. मग अल्टोनं प घालायचा, त्याच्या पानावरचा डी. सगळ्यात शेवटी सोप्रानोनं ग, तिच्या पानावरचा ई.

आणि इथेच मेख आहे. सॅक्सोफोनवर ऑक्टेव्ह की लावून वाजणारे मधले डी आणि ई मुळातच चढे असतात. म्हणजे सोप्रानोकडे जो सूर आधीच चढा आहे, तोच हार्मोनियमपेक्षा १४ सेंट खाली न्यायचाय. दोन्ही मिळून वीस-पंचवीस सेंटचा प्रवास. ओठ ढिले सोडून तो करायला गेलात तर आवाज भोंगळ होतो. त्याऐवजी तोंडाच्या आत "ई"चा आकार असतो तो "ओ"कडे न्या, जीभ थोडी मागे-खाली, ओठांची पकड तशीच. अल्टोच्या डीसाठी डाव्या करंगळीनं खालच्या बीची की दाबून बघा, बऱ्याच वाद्यांवर तो थोडा उतरतो आणि स्थिरही होतो.

ग बसला की खोलीत एक पाचवा सूर ऐकू येतो, कुणीच वाजवत नसलेला. आमच्या टेनरवाल्यानं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यानं मागे वळून दार उघडं आहे का ते पाहिलं.

हा एक कॉर्ड जमला की थीम एकेक कॉर्ड थांबवून वाजवा. प्रत्येक कॉर्डला विचारायचं: गंधार कुणाकडे? ज्याच्याकडे असेल त्यानं आपल्या पार्टमध्ये त्या नोटवर पेन्सिलनं 'ग' लिहायचं. मायनर असेल तर खाली आडवी रेघ, कोमलची. सा आणि प वाल्यांनी काही लिहायचं नाही, त्यांनी हलायचंच नाही. आठवडा-दोन आठवडे हे कंटाळवाणं काम आहे. पण माझ्या मते संपूर्ण क्वार्टेट याच दोन आठवड्यांत बसतं, बाकीचं सगळं त्यावरचं बांधकाम.

एक अडचण येईल ती आधी सांगतो. सॅक्सोफोन लहान आवाजात वाजवला की सूर चढतो, मोठ्या आवाजात वाजवला की उतरतो. थीममध्ये आवाज लहान करत वाक्य संपवताना चौघंही सावकाश वर सरकतात, वेगवेगळ्या वेगानं. तानपुरा चालू ठेवून फक्त शेवटचा कॉर्ड मोठ्याचा लहान करा, दहा वेळा. सर्वात खालचा वादक हलला नाही तर बाकीचे वाचतात. म्हणून हा ताण माझ्यासारख्या बॅरिटोनवाल्यावर असतो, आणि श्रेय अर्थातच सोप्रानोला मिळतं.

व्हायब्रॅटो: आधी नाही, मग सगळ्यांचा

वरचा सगळा सराव सपाट सुरात. कॉर्ड पक्के झाल्यावर व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचं हलकं आंदोलन, आणा. म्यूलच्या वाजवण्यातला व्हायब्रॅटो हा या वाद्याच्या फ्रेंच शैलीचा प्राण आहे आणि ही कृती त्याच आवाजासाठी लिहिली गेली, तेव्हा तो पूर्ण टाळणं मला पटत नाही. मोजून शिका: मेट्रोनोम ७५ वर, प्रत्येक ठोक्याला जबड्याची चार आंदोलनं, म्हणजे मिनिटाला ३००. चौघांनी एकत्र, एकाच कॉर्डवर. नंतर मोजणं सोडून द्या. थीममध्ये सोप्रानोचं आंदोलन दिसावं, बॅरिटोनचं जाणवू नये.

श्वास

पंचवीस मिनिटांत विश्रांतीच्या जागा कमी आहेत. ग्लाझुनोव्हची काळजी अगदीच चुकीची नव्हती.

श्वास 'लागला की घेऊ' असं सोडू नका, पानावर लिहा. नियम साधे ठेवले तर पाळले जातात. वाक्य संपताना चौघांनी एकत्र श्वास घ्यायचा, तो गाण्याचाच भाग आहे. लांब वाक्याच्या मध्ये मात्र दोघांनी कधीही एका वेळी नाही. बारच्या रेघेवर नाही, कारण तिथेच सगळ्यांना घ्यावासा वाटतो. आणि ज्याच्याकडे 'ग' लिहिलाय त्यानं त्या कॉर्डच्या मधोमध नाही. बॅरिटोनला हवा सर्वात जास्त लागते, म्हणून आधी त्याच्या जागा ठरवा, मग टेनरच्या. सोप्रानोला हवा कमी लागते, पण ओठांवर दाब जास्त असतो. तिला श्वास नको असतो, ओठ सोडायला क्षणभर हवा असतो. तिच्या जागा त्या हिशेबानं शोधा.

सुरुवात करून देणारा श्वासही इथेच पक्का करा. सोप्रानोनं मान हलवण्याआधी नाकानं नव्हे, तोंडानं, त्याच लयीत श्वास घ्यायचा, बाकीच्यांनी तिच्याबरोबर. श्वास लयीत असला की पहिला सूर आपोआप एकत्र पडतो. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या चार श्वासांनंतर एकत्र सुरू होणं हा योगायोग असतो.

व्हेरिएशन्स

पहिली दोन शिस्तीची आहेत. थीम ज्यानं मन लावून बसवली त्याला इथे फार कष्ट नाहीत, फक्त प्रत्येक आवाज स्वतंत्र चालतो हे ऐकू आलं पाहिजे. दोघादोघांत वाजवा: सोप्रानो-बॅरिटोन, अल्टो-टेनर, मग जोड्या बदलून. मधले दोन आवाज एकटे वाजले की अल्टो-टेनरला पहिल्यांदाच कळतं की आपल्याकडेही गाणं होतं.

तिसरं, शूमानच्या पद्धतीचं. पत्रात ग्लाझुनोव्हनं शूमानच्या 'सिंफनिक एट्यूड्स'ची आठवण काढली आहे. पियानोवरची ती कृती बसवण्याआधी चौघांनी मिळून एकदा ऐका, आवाजाचं वजन कळतं. इथला घोळ ट्रिलचा. वरचा सूर अर्धा की पूर्ण, सुरुवात मुख्य सुरापासून की वरून, शेवटी वळण आहे की नाही, हे प्रत्येक ट्रिलपाशी ठरवून लिहा. वेग सारखा असण्याची गरज नाही, थांबण्याची वेळ सारखी हवी. शिवाय ट्रिलमध्येही मुख्य सूर हाच कॉर्डचा भाग असतो, तेव्हा आधी ट्रिल काढून टाकून नुसते लांब सूर वाजवा, गंधार तपासा, मग ट्रिल परत घाला. खालच्या सुरांवर दोन्ही सूर डाव्या करंगळीवर येत असतील तर तिथे चपळाई दाखवायचा हट्ट नको, चार स्वच्छ फेऱ्या पुरतात.

चौथं, शोपँचं. ग्लाझुनोव्हला शोपँ परका नव्हता. त्यानं १८९० च्या दशकात शोपँच्या पियानो रचना ऑर्केस्ट्रासाठी बांधून 'शोपिनियाना' केलं होतं. इथे लय थोडी लवचिक हवी, पण चौघांनी आपापल्या मनानं ताणली तर गाडं उलटतं. आमची युक्ती ठुमरीतली आहे: तबला ठेका सोडत नाही, गाणारा मागेपुढे होतो आणि समेवर भेटतो. सोबतीच्या आवाजांनी ठेका धरायचा, गाणाऱ्यानं झुकायचं, वाक्याच्या शेवटी भेटायचं. सगळ्यांनी एकदम झुकायचं असेल तर ती जागा लिहून ठेवा, आणि तशा दोनपेक्षा जास्त नकोत.

पाचवं, स्केर्त्सो, प्रेस्तो म्हणजे अतिजलद. सराव मात्र अर्ध्या वेगानं, सगळे सूर तुटक, आवाज लहान. जीभ रीडच्या टोकाला फक्त टेकवायची, "त" नव्हे, "द" च्याही अलीकडे. बॅरिटोनचा सूर नळीच्या लांबीमुळे उशिरा बोलतो, त्यामुळे त्यानं कानानं नव्हे, नजरेनं वाजवायचं आणि मनात केसभर पुढे असायचं. मी सुरुवातीला बाकीच्यांना ऐकून वाजवत होतो आणि प्रत्येक वेळी मागे पडत होतो. सोप्रानोच्या बोटांकडे बघायला लागलो तेव्हा जमलं.

आता पहिला भाग

कॅन्झोना उभी राहिली की पार्ती उघडा. जी गोष्ट आम्हाला अडीच महिन्यांत जमली नव्हती ती तीन बैठकांत जमली, कारण आता चौघंही कॉर्ड ऐकत होते.

काम असं करा. प्रत्येकानं आपल्या पार्टवर तीन रंग वापरायचे: सुरावट आपल्याकडे असेल तिथे एक, कुणाला तरी उत्तर देतोय तिथे दुसरा, नुसती सोबत असेल तिथे तिसरा. मग एकदा असं वाजवा की पहिला रंग मोठ्यानं, तिसरा जवळजवळ पुटपुटत. अतिशयोक्ती करा. सॅक्सोफोनचा दोष हा की चारही जण सहज सारखेच मोठे वाजतात आणि ऐकणाऱ्याला भिंत ऐकू येते.

दुसरा सराव सगळं तुटक वाजवण्याचा, लांब सुरांसकट. प्रत्येक सूर टिचकीएवढा, मध्ये शांतता. कोण घाई करतंय, कोण रेंगाळतंय, लपत नाही. ग्लाझुनोव्हनं म्हटलेला तो अमेरिकन ढंग याच सरावातून बाहेर येतो. पण त्याला जॅझचा स्विंग समजून आठव्या नोटा लोळवू नका. हा पॅरिसमध्ये राहणारा रशियन म्हातारा आहे, त्याची लय सरळ चालते आणि मध्येच भुवई उडवते.

शेवटाकडे वेग वाढतो. किती वाढवायचा ते मेट्रोनोमवर ठरवून आकडा लिहा. 'बघू त्या दिवशी' म्हटलं की त्या दिवशी अल्टोची बोटं संपतात.

फिनाले

खेळकर आहे, फार समजावण्यासारखं नाही. एकच पथ्य: फिनाले ताज्या तोंडानं बसवू नका. तालमीच्या शेवटी, ओठ सुजल्यासारखे झाल्यावर घ्या, कारण कार्यक्रमात ते तसेच असणार आहेत. आम्ही शेवटचा महिना प्रत्येक बैठकीत पहिले दोन भाग सलग वाजवून, पाणीही न पिता, तिसऱ्याला हात घालत होतो. पहिल्यांदा शेवटचं पान अक्षरशः कोसळलं. चौथ्या आठवड्यात उभं राहिलं.

बसायचं कसं, आणि तो दिवस

अर्धवर्तुळात सोप्रानो, अल्टो, टेनर, बॅरिटोन ही नेहमीची रांग. तालमीत मात्र सोप्रानो आणि बॅरिटोनला समोरासमोर बसवून बघा, वरचा आणि खालचा सूर एकमेकांना दिसले की मधले दोघं आपोआप सापडतात.

सभागृहात एसी असेल तर वाद्यं आधी अर्धा तास स्टेजवर न्या. थंड पितळेत सूर उतरतो, आणि बॅरिटोन तापायला सर्वात जास्त वेळ घेतो. लोकलच्या मालडब्यातून आणलेली पेटी थेट विंगेत उघडून सूर जुळवायला बसू नका, पाच मिनिटांत ते जुळवणं वाया जातं. सूर बॅरिटोनकडून घ्या: आधी सा, मग तालमीतला तोच कॉर्ड, टेनर, अल्टो, शेवटी सोप्रानो. श्रोत्यांसमोर ट्यूनर काढू नका, कान आहेत.

कार्यक्रमात ही कृती मध्यंतरानंतर ठेवा. आधी हलकं काही, दहा-बारा मिनिटांचं, आणि मग ओठांना पंधरा मिनिटं विश्रांती. आपल्याकडे प्रत्येक भागानंतर टाळ्या पडतात. काही मंडळी त्यावर नाकं मुरडतात, मला त्या हव्याच असतात. कॅन्झोना संपल्यावर सोप्रानोनं लोकांकडे बघून हसून मान झुकवावी, आणि तेवढ्यात बॅरिटोननं वळणाच्या नळीत साचलेलं पाणी ओतून घ्यावं. फिनालेत ते गुळगुळलं तर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं.